मुंबईचा डॉलर पुन्हा तपासायचा का?

आजचा भाग थोडा घरगुती आहे, पण इतिहास त्यात भरपूर आहे, तेव्हा पुढे ढकलू नका.

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. "अगं, मामाचे ते डॉलर आहेत ना, ते पर्समध्ये टाकून अमेरिकेला नेले तर चालतील का?"

मी म्हटलं, "किती आहेत? बँकेतून घेतलेत ना?"

"नोटा नाहीत गं. चांदीचे. त्या प्लॅस्टिकच्या डब्यांतले."

मग डोक्यात प्रकाश पडला. माझा मामा बोटीवर इंजिनियर होता. १९९६ साली त्याची बोट कॅलिफोर्नियाच्या बंदरात थांबली असताना तिथल्या एका नाण्यांच्या दुकानातून त्याने तीन चांदीचे डॉलर आणले. तिन्ही पारदर्शक, कडक केसमध्ये सीलबंद. संग्राहक या केसला स्लॅब म्हणतात. (मुलुंडमध्ये स्लॅब म्हटलं की फक्त गळणारी स्लॅब आठवते, ते सोडा.) मामाला जाऊन चार वर्षं झाली. मामीची इमारत आता रीडेव्हलपमेंटला जाते आहे, एप्रिलपर्यंत घर रिकामं करायचंय, आणि त्याआधी मार्चमध्ये ती न्यू जर्सीला दादाकडे जाणार आहे. दादाने फोनवर सांगितलं, आई, ते डॉलर घेऊन ये, इथे परत ग्रेडिंगला पाठवू. जुन्या स्लॅबमधली नाणी आता वरच्या ग्रेडमध्ये जातात. किंमत ठरली की आम्ही दोघं भाऊ वाटून घेऊ. पर्समध्ये टाक, कोण बघतंय.

कोण बघतंय, या दोन शब्दांवर मामीची झोप उडाली होती. तिने मला विचारलं कारण मी "इतिहासाचं काहीतरी मोबाईलवर बोलते". मी घाटकोपरला राहते, मुलुंड पाच स्टेशनं. रविवारी गेले.

तीन स्लॅब टेबलावर मांडले. पहिला १८९५ चा, लेबलवर एयू ५८. दुसरा १९११ चा, एमएस ६२. तिसरा १९३० चा, एमएस ६३. चौथा डॉलर स्लॅबमध्ये नाही. तो १९०८ चा, मामीच्या देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी. त्याची एक वेगळी आणि माझ्यासाठी लाजिरवाणी गोष्ट आहे, ती पुढे येईल.

आधी नाणं डोळ्यांसमोर आणा. जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा बरंच मोठं, ३९ मिलिमीटर रुंद. रुपया ११.६६ ग्रॅमचा, हा २६.९६ ग्रॅमचा, ९० टक्के चांदी. एका बाजूला ब्रिटानिया उभी, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात ढाल, मागे समुद्रात शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला ना राजा ना राणी. नक्षीत चिनी अक्षरात 'एक युआन' आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत 'सातू रिंगित', म्हणजे एक डॉलर. इंग्रजांचं नाणं, देवी इंग्रजांची, मजकूर चिनी आणि मलय.

आता फोनचा कॅमेरा काढा आणि त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर झूम करा. तिथे एक इवलंसं 'बी' खोदलेलं दिसतं. बी म्हणजे बॉम्बे. मामीच्या चारही डॉलरवर ते आहे. मामाने अमेरिकेतून जे आणलं ते मुळात आपल्या फोर्टमध्ये पाडलेलं होतं, सीएसएमटीपासून चालत दहा मिनिटांवर.

मुंबईने डॉलर कशाला पाडले? याची सुरुवात मेक्सिकोपासून होते. स्पॅनिश लोकांनी तिथे १५३५ मध्ये टांकसाळ काढली. तिथली चांदी गलबतांनी मनिलाला आणि तिथून चीनला जाई. चीनचे व्यापारी चहा आणि रेशीम विकायचे आणि बदल्यात चांदी मागायचे. तीनेकशे वर्षांत त्यांना मेक्सिकन डॉलरची इतकी सवय झाली की दुसरं नाणं पुढे केलं तर ते तोंड फिरवत. इंग्रजांनी १८६६ मध्ये हाँगकाँगला स्वतःची टांकसाळ घातली, ती दोन वर्षांत बंद पडली आणि यंत्रं जपानला विकली. त्याच यंत्रांवर जपानने ओसाकाला आपला चांदीचा येन पाडायला घेतला, म्हणजे बघा! अमेरिकेनेही १८७३ मध्ये खास पूर्वेच्या व्यापारासाठी डॉलर काढला, पण पाच वर्षांतच व्यापारासाठी पाडणं थांबवलं. १८९० च्या दशकात हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बँकांना धंद्यासाठी नाणी पुरेनात.

तेव्हाच मुंबईत यंत्रं मोकळी झाली होती. तोवर कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाऊ शके आणि शुल्क भरून रुपये पाडून घेऊ शके. पण जगात चांदी स्वस्त होत चालली, रुपया घसरत चालला. सरकारचा महसूल चांदीत आणि विलायतेची देणी सोन्यात, त्यामुळे दरवर्षी त्याच देण्याला जास्त रुपये लागायचे. शेवटी २६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळीचा हा दरवाजा लोकांसाठी बंद केला. फोर्टातली टांकसाळ १८२० च्या दशकात उभी राहिली होती, तिथे वाफेवर चालणारी यंत्रं होती, कुशल कामगार होते, आणि काम एकदम कमी झालं. फेब्रुवारी १८९५ मध्ये लंडनहून आदेश निघाला आणि मुंबईत ब्रिटिश ट्रेड डॉलर सुरू झाला. काही वर्षं थोडे कलकत्त्यालाही पाडले, दोन वर्षं लंडनलाही. पण बहुतेक सगळे मुंबईचे.

गंमत म्हणजे हा डॉलर भारतात कायदेशीर चलन नव्हताच. टांकसाळीतून निघायचा, गोदीत जायचा, बोटीत चढायचा. मुंबईत थांबण्यासाठी तो पाडलाच नव्हता. १९११ या एकाच वर्षी इथे जवळजवळ पावणेचार कोटी डॉलर पाडले गेले, आणि १९२१ मध्ये फक्त ५० हजार. १९०३ मध्ये सिंगापूर-मलायाने स्वतःचा वेगळा डॉलर काढला, तर तोही मुंबईतच पाडून घेतला. हाँगकाँगला मात्र आपला ब्रिटानियावाला डॉलर चालत राहिला. मग अमेरिकेने चढ्या भावाने चांदी घ्यायला सुरुवात केली, चीनची चांदी बाहेर वाहू लागली, आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये आधी चीनने आणि पाठोपाठ हाँगकाँगने चांदीचं चलन सोडलं. त्या वर्षी मुंबईत पाडलेले डॉलर बहुतेक सगळे वितळवले गेले. म्हणून १९३५ चा डॉलर आज दिसला तर आधी शंका घ्यायची, मग आनंद मानायचा.

आता देवघरातला १९०८ चा डॉलर हातात घ्या. ब्रिटानियाच्या आजूबाजूला छोटे छोटे ठसे उमटलेत. एक चौकोनी, एक चांदणीसारखा, एक चिनी अक्षराचा. लहानपणी मला वाटायचं कोणीतरी खिळ्याने ठोकलंय. हे ठसे दक्षिण चीनमधल्या पेढीवाल्यांचे. नाणं हातात आलं की ते वाजवून बघायचे, तोलायचे, खरं निघालं की आपला शिक्का मारायचे. हे माझ्याकडून गेलंय, खोटं निघालं तर माझ्याकडे या, असा त्याचा अर्थ. पुढच्या पेढीवर पुन्हा तीच तपासणी, पुन्हा एक ठसा. इंग्रजीत याला चॉप मार्क म्हणतात. म्हणजे दादा ज्याला 'रीग्रेडिंग' म्हणतो ते या डॉलरने कितीतरी वेळा सोसलंय, फक्त त्या काळी निकाल वेगळ्या कागदावर न लिहिता थेट नाण्यावर ठोकत.

हे काम करणाऱ्याला हाँगकाँगच्या इंग्रजीत काय म्हणायचे माहितीये? श्रॉफ! आपला सराफ. मूळ अरबी शब्द आपल्याकडे सराफ झाला, साहेबाच्या तोंडी श्रॉफ झाला आणि बोटीत बसून हाँगकाँगला गेला. आजही तिथे पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते. आपल्याकडे ते मुंबईकरांचं आडनाव झालं, तिथे खिडकी झाली.

आणि सराफाचं हे तपासणं आपल्या भाषेत किती मुरलंय बघा. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये यायचे. कोणता चोख, कोणता झिजलेला, कोणत्यात किती कट, हे सराफ ठरवायचा आणि त्याप्रमाणे बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो तो हाच बट्टा. बंदा रुपया, खणखणीत नाणं, हे शब्द त्याच पेढीवरून घरात आलेत.

बंगालात तर आणखी पुढची तऱ्हा होती. रुपया पाडला त्या वर्षी पूर्ण किमतीचा, सिक्का. वर्ष उलटलं की त्याच रुपयावर बट्टा. चांदी तितकीच, वजन जवळपास तितकंच, फक्त साल जुनं. रयतेच्या हातात आलेला रुपया सारा भरेपर्यंत कमी किमतीचा होऊन बसे आणि मधला फरक सराफाच्या खिशात. कंपनी सरकारने शेवटी त्यावर तोडगा काढला, नाण्यावर शहाआलम बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्षच कायमचं छापत राहिले. विसावं साल उजाडूच दिलं नाही!

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मामीच्या टेबलावरही सालाचाच प्रश्न होता. फक्त तिथे साल जुनं होण्याचा परिणाम उलटा होता. तिकडे येईनच.

स्लॅबवरचा आकडा कुठून आला? विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. १९४९ मध्ये त्याने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. १ म्हणजे नाणं जेमतेम ओळखू येतं, ७० म्हणजे निर्दोष. आणि कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचं गणित काही वर्षांत कोलमडलं, आकडे मात्र राहिले. (या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंट नाणी उचलून तिथे कमी प्रतीची ठेवली होती. ते मेल्यावर उघडकीला आलं. जगाला दर्जा मोजायला शिकवणारा माणूस!) पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं पाठवायचं, तिथले तज्ज्ञ खरं-खोटं बघणार, आकडा देणार आणि केसमध्ये सीलबंद करणार. ५८ पर्यंत वापरलेलं नाणं, ६० पासून पुढे न वापरलेलं.

दादाचं म्हणणं चूक नव्हतं. अमेरिकेत अनेक संग्राहक मानतात की सुरुवातीच्या वर्षांत हात आखडता होता, आता सैल झालाय. तेव्हाचं ६३ आज ६४ होऊ शकतं. काही लोक तर हा खेळच खेळतात. स्लॅब फोडायचा, नाणं पाठवायचं, आकडा आवडला नाही की पुन्हा फोडायचा. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही तर त्यांच्या नोंदीत तेच नाणं दोनदा, तीनदा मोजलं जातं. उलट काही जण जुन्या स्लॅबलाच जास्त पैसे देतात, न फोडलेला आहे म्हणून.

मला घाटकोपरचे एक जुने नाणेविक्रेते माहीत आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांचा निरोप आला, "ताई, १८९५ वालं बघण्यासारखं आहे. फोडा आणि पाठवा." कुठे पाठवा ते बोलले नाहीत.

मग मी आणि मामीने स्वतःच तपासणी केली. तुम्हालाही करता येईल. खोलीतले दिवे बंद करा, एकच दिवा ठेवा, फोनचा टॉर्चही चालेल. स्लॅब हळूहळू फिरवा. न वापरलेल्या चांदीवर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. जिथे नाणं थोडं जरी झिजलंय तिथे हा पट्टा तुटतो आणि करडा डाग दिसतो. १८९५ च्या नाण्यावर पट्टा जवळजवळ अखंड फिरला, फक्त ब्रिटानियाच्या मांडीच्या उंचवट्यावर तुटला. म्हणजे ५८ बरोबर आहे. कुठल्यातरी उदार दिवशी ६१ होईलही, पण ती झीज तिथे आहे आणि ती मामीच्या चष्म्यातूनही दिसली. १९३० वर ६३ ठीक वाटलं.

१९११ ने मात्र घाबरवलं. जहाजाच्या बाजूला पिवळट धुकं आणि काठाशी एक बारीक हिरवट ठिपका. स्लॅब हवाबंद नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जवळपास तीस पावसाळे ती नाणी मुलुंडच्या कपाटात होती, डांबराच्या गोळ्यांशेजारी. हिरवट ठिपका बहुतेक स्लॅबच्या आधीचा, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातला, जो आत शिरून वाढत राहिला. हे नाणं आज तपासायला गेलं तर ६३ होण्यापेक्षा 'खराब झालेलं' असा शेरा मिळायची शक्यता जास्त. आणि नंतर हवेने जे झालं ते कंपनीच्या हमीत बसेलच असं नाही. परत तपासणी म्हणजे बढतीची परीक्षा असं आपण धरून चालतो. पण परीक्षा म्हटली की नापासही होता येतं.

आता १९०८ चं. मी सातवीत होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मामीने पूजेची चांदी घासायला दिली आणि मी निरांजनांबरोबर तोही डॉलर पांढऱ्या दंतमंजनाने घासला. लख्ख केला. मामा घरी आला, नाणं उचललं, खिडकीपाशी नेऊन दोनदा फिरवलं आणि काही न बोलता परत ठेवलं. तो का बोलला नाही ते मला पंधरा वर्षांनी कळलं. त्या नाण्यावर आता आऱ्या फिरत नाहीत. नुसते बारीक ओरखडे चमकतात. कुठलाही तज्ज्ञ दोन सेकंदांत 'घासलेलं' म्हणेल. वाईट याचं वाटतं की एकेकाळी चॉप मार्क म्हणजे नाण्याला इजा असं धरून ग्रेड नाकारत, पण आता पीसीजीएस चॉप मार्कवाल्या ट्रेड डॉलरला वेगळा प्रकार मानून सरळ आकडा देते. ठशांचे दिवस पालटले, आणि त्यातलं हे नाणं मी आधीच घासून ठेवलंय.

सोमवारी मला फोर्टला काम होतं. मुलुंडला राहिले होते, तिथूनच स्लो गाडी पकडली, खिडकी मिळाली, आणि फोनवर कायदा वाचायला घेतला. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. नाव लांब आहे, कामाचा भाग छोटा. पुरावशेष म्हणजे काय, याच्या व्याख्येत शिल्प आणि चित्राच्या जोडीला 'नाणं' हा शब्द स्वच्छ लिहिलाय. वय किमान शंभर वर्षं. आणि कलम ३ सांगतं की अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेशिवाय कोणालाही देशाबाहेर नेता येणार नाही. विकायला नाही, तपासायला नाही, मुलाला दाखवायला नाही. नाणं कोणत्या देशातून आलं, तुम्ही ते कुठे विकत घेतलं, असा काही फरक त्या व्याख्येत नाही. मोडलं तर कैद, किमान सहा महिने, तीन वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

एकाहत्तर वर्षांची मामी, गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये थालीपीठाची भाजणी आणि १८९५ चा डॉलर. कोण बघतंय? एक्स-रे मशीन बघतंय.

गाडी शीवला थांबली होती. पुरातत्त्व खात्याचं मुंबईचं कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशीच आहे, लोक त्या बागेत फिरायला येतात. शंभर वर्षांच्या आतली वस्तू आहे असा दाखला हे खातं देऊ शकतं. तेव्हा मी मनात हिशोब केला. १८९५ आणि १९११, दोघांची शंभरी कधीच उलटली. खरं तर १८९५ वालं १९९६ मध्ये मामाच्या बॅगेतून घरी आलं तेव्हाच ते पुरावशेष होतं. ही दोन आता कुठेच जात नाहीत. १९३० चं नाणं २०३० मध्ये शंभरी गाठेल, म्हणजे आज ते जाऊ शकतं. आणि नेमकं तेच सगळ्यात साधं! मुंबईत त्या वर्षी एक कोटीवर डॉलर पाडले गेले. ६३ चं ६४ झालं तरी ग्रेडिंगची फी, टपाल आणि विमा यांतच वाढीव किंमत विरघळणार. ज्याला पाठवण्यात काही अर्थ आहे त्याला जायची परवानगी नाही, आणि ज्याला परवानगी आहे त्याला पाठवण्यात अर्थ नाही.

काम संपल्यावर टांकसाळीवरून चालत गेले. शहीद भगतसिंग रोड, समोर रिझर्व्ह बँकेचा टॉवर. आत जाता येत नाही, पण तुमच्या खिशात तिचं काहीतरी असतंच. एखादं नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. चौकटसारखा बारीक ठिपका असेल तर ते मुंबईचं. त्याच फाटकातून १८९५ चा डॉलर पेटीत बसून बाहेर पडला. त्याला परदेशी जायला कोणाचा दाखला लागला नव्हता, उलट इथे राहायला मनाई असल्यासारखंच होतं.

तुम्ही म्हणाल, मग भारतातच तपासून घे ना. घेता येतं, आता इथेही असं काम करणारे आहेत. पण मग जुना स्लॅब फोडायचा का, हा प्रश्न उरतोच. या डॉलरच्या नकली प्रती बाजारात ढिगाने आहेत, दिसायला इतक्या चोख की वजन केल्याशिवाय ओळखू येत नाहीत. तो जुना केस मामीसाठी आकड्यापेक्षा एवढ्यासाठी महत्त्वाचा आहे की ही नाणी खरी आहेत, असं कोणीतरी हमी घेऊन सांगितलंय. मामा नाही, पावती नाही. केस फोडला की मामी एका बाजूला आणि घेणाऱ्याची शंका दुसऱ्या बाजूला. आणि दादाच्या डोक्यातली वरच्या ग्रेडची किंमत अमेरिकेच्या लिलावातली आहे. नाणं जर अमेरिकेला जाऊच शकत नसेल तर त्या किमतीचं आपण काय करायचं? गिऱ्हाईक इथलंच, भावही इथलाच.

रात्री दादाला व्हिडिओ कॉल लावला. आधी तो म्हणाला, "एका नाण्यासाठी कोण अडवणार?" मी कलम ३ वाचून दाखवलं, मग कलम २५. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "बाबांना हे माहीत होतं का?"

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना सगळं माहीत असायचं. सांगायचे नाहीत."

मग ठरलं ते असं. १८९५ आणि १९११ फोडायचे नाहीत, पाठवायचे नाहीत, विकायचेही नाहीत सध्या. दोन भावांना दोन, कोणाला कोणतं ते चिठ्ठी टाकून, पण राहणार इथेच, पुण्याच्या दादाच्या लॉकरमध्ये. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बंद, त्याऐवजी हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या. १९३० चा दाखला घेऊन मामी स्वतः नेणार, ग्रेडिंगला नाही, नातीला द्यायला. नात नऊ वर्षांची आहे आणि तिला 'बी' शोधायला सांगणार आहे म्हणाली.

न्यू जर्सीच्या दादाला १९११ मिळालं, हिरव्या ठिपक्यासकट. त्याने चेहरा केला तो कॉलवर सगळ्यांनी बघितला.

निघताना मामीने करंड्याशेजारचा १९०८ हातात घेतला, पदराने पुसायला गेली आणि थांबली. म्हणाली, "भांडुपच्या भाड्याच्या घरात देवघर कुठे मांडायचं कोण जाणे. पण दिवाळीला तू येच. चांदी घासायला नाही. नुसती ये."